फीत कापण्याआधी एकदा पावसात फिरून ये

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वस्तीमागच्या टेकडीची वाट पुन्हा उघडायला परवानगी मिळाली, हे वाचून मनापासून आनंद झाला. तुम्ही उद्घाटनाची तारीख ठरवायला बसणार आहात असं लिहिलंयस, म्हणून हे पत्र घाईने लिहितोय. तारीख इतक्यात ठरवू नका. आधी एकदा चांगल्या जोराच्या पावसात ती वाट खालपासून माथ्यापर्यंत चालून या. उन्हात पाहिलेली वाट शहाण्यासारखी दिसते. तिचं खरं दुखणं पावसातच कळतं.

विजा चमकत असतील तर अर्थातच जायचं नाही. नुसता पाऊस असेल तर दोघं जा. छत्री नको, रेनकोट घाला, हात मोकळे हवेत. वहीत पेन्सिलीने लिहा, शाई पसरते. आदल्या दिवशी सपाट रस्त्यावर ५० मीटर अंतर तुझ्या किती पावलांत होतं ते मोजून ठेव, म्हणजे फाटकापासूनचं अंतर चालता चालता लिहिता येईल. तीनच गोष्टी टिपायच्या: पाणी वाटेवर कुठे येतं, वाटेवरून किती लांब धावतं आणि कुठे खाली उतरतं. दुसऱ्या गोष्टीकडे जास्त लक्ष दे. वाटेवर आलेलं पाणी चार पावलांत पलीकडे उतरून गेलं तर काही बिघडत नाही. तेच पाणी वाट धरून वीस-तीस मीटर धावलं की त्याला वेग येतो. मग ते आधी माती उचलतं, नंतर खडे, आणि शेवटी वाटेचाच ओढा करून टाकतं. उतार जितका तीव्र, तितकं हे अंतर कमी असायला हवं.

बंद राहिलेल्या वाटेवर एक बिघाड हमखास आढळतो. तो उभ्याने दिसत नाही, वाटेच्या दरीकडच्या कडेला उकिडवं बसून बघावा लागतो. पूर्वीच्या चालण्याने वाटेचा मधला भाग दबलेला असतो. बाहेरच्या कडेला पायाने उडालेली माती, पाला, काड्या साठत जातात. त्यावर गवत रुजतं, गवताची मुळं माती धरून ठेवतात आणि बोटभर उंचीचा बांध तयार होतो. दिसायला फार गोजिरवाणा असतो, जणू कुणी वाटेला हिरवी किनार लावलीय. पण त्या बोटभर बांधामुळे पाण्याला दरीकडे उतरता येत नाही, ते वाटेतच अडकतं आणि वाट धरून खाली पळतं. त्याच वेळी डोंगराकडच्या बाजूला वरून ढासळलेली माती साठते, वाट आतून अरुंद होते. माणसं मग बाहेरच्या कडेवरून चालायला लागतात आणि कड खचते.

यावर उपाय साधा आहे, मेहनत मात्र भरपूर. बाहेरचा बांध टिकावाने मोकळा करून फावड्याने पूर्ण काढायचा. आतली ढासळलेली मातीही काढायची, आणि वाटेची पाठ दरीकडे किंचित कलती करायची. किंचित म्हणजे साधारण ५ टक्के: १ मीटर रुंदीला ५ सेंमी. पायाला तो कल जाणवतही नाही, पाण्याला बरोबर जाणवतो. त्याहून जास्त कल ठेवलात तर ओल्यात पाय दरीकडे घसरेल. काढलेली माती कडेलाच टाकून ठेवू नका, नाहीतर पहिल्या पावसात तोच बांध परत उभा राहील. घमेल्याने उचलून उतारावर लांब पसरा. तुमच्याकडे येणाऱ्या स्वयंसेवकांना पहिल्या दिवशी एवढं एकच काम द्या. वाट उघडण्याची निम्मी तयारी त्यातच होते असं माझं ठाम मत आहे.

आता चढाकडे येऊ. दुसऱ्या वळणानंतर वाट सरळ टेकडीच्या छातीवर चढते, तिथे दर वर्षी घळ पडायची असं तू लिहितोस. ते साहजिकच आहे. वाट बांधणारे एक नियम पाळतात: टेकडीच्या त्या बाजूचा जो उतार असेल, त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ जास्त नको. उतार १६ टक्के असेल तर वाट ८ टक्क्यांच्या आत हवी. त्याच्या वर गेलं की पाणी वाट ओलांडून जात नाही, वाटेचाच रस्ता धरतं. उताराच्या दिशेने सरळ चढणाऱ्या वाटेला तर खालची बाजू अशी उरतच नाही, पाण्याने उतरायचं कुठे? तिथे कितीही चर खणा, उपयोग होत नाही. दुसरा नियम असा की सगळ्या वाटेचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आसपास ठेवावा. मधले छोटे तुकडे थोडे जास्त असले तर चालतं, पण तिथली जमीन दगडाळ हवी.

चढ मोजायला महागडं यंत्र लागत नाही. सारख्या उंचीच्या दोन काठ्या घ्या, १० मीटर दोरी घ्या, आणि गवंडी वापरतात ती दोरीला अडकवायची छोटी पाणसळ. खालच्या माणसाने दोरी काठीच्या टोकाला धरायची. वरच्याने ताणलेली दोरी आपल्या काठीवरून खाली सरकवत न्यायची, पाणसळीचा बुडबुडा मध्ये येईपर्यंत. वरच्या काठीच्या टोकापासून दोरीपर्यंत जेवढं अंतर, तेवढा चढ. ८० सेंमी भरलं तर १० मीटरला ८० सेंमी, म्हणजे ८ टक्के. मोबाइलवरही चढ मोजायची सोय मिळते, पण ओल्या हातांनी ती वापरताना जीव मेटाकुटीला येतो. काठ्या-दोरी बरी.

माझ्या मते तो घळीचा तुकडा दुरुस्त करत बसू नका, सोडूनच द्या. वाट आडवी, लांब वळणाने न्या. फक्त परवानगीच्या कागदाला जोडलेला नकाशा आधी बघा. परवानगी जुन्या आखणीपुरती असेल तर नव्या वळणाची वेगळी मंजुरी लागेल, आणि तिच्याशिवाय एक कुदळही मारू नका. नवी वाट झाल्यावर जुनी वाट नीट मिटवावी लागते, कारण माणसाचा पाय नेहमी जवळचा रस्ता शोधतो. नुसत्या फांद्या आडव्या टाकून कुणी थांबत नाही. दबलेली जमीन १५-२० सेंमी खोल खणून भुसभुशीत करा, घळीत थोड्या थोड्या अंतरावर दगडांचे आडवे बांध घाला म्हणजे माती अडेल, आणि त्याच टेकडीवरचं गवत आणि झुडपं तिथे लावा. दोन्ही टोकांना, जिथून ती वाट नजरेला पडते, तिथे सर्वात दाट झाकण करा. डोळ्याला वाट दिसली नाही की पाय तिकडे वळत नाही.

बाकी ठिकाणी पाणी बाहेर काढायला लोक लाकडाचा ओंडका आडवा पुरतात. मला ते आवडत नाही. लाकूड कुजतं, ओलं झालं की निसरडं होतं, आणि त्याच्या मागे गाळ साचला की वर्षभरात तो ओंडका नुसता अडथळा म्हणून उरतो. शक्य असेल तिथे वाटेतच एक लांबट खळगा काढा: तीन-चार मीटर हलकासा उतार, मग तितकाच हलकासा चढ. चालणाऱ्याला कळत नाही, पाणी मात्र खळग्यात येऊन बाहेर पडतं. दगडाचा आडवा बांध घालावाच लागला तर वाटेला काटकोनात घालू नका, साधारण ४५ अंशांत तिरपा घाला. काटकोनात घातला की पाणी थबकतं आणि गाळ तिथेच बसतो. तिरपा असला की पाणी गाळासकट वाहून जातं. बाहेर पडायचं तोंड चांगलं रुंद आणि लांब ठेवा, वाटेच्या कडेपलीकडे निदान मीटरभर. बहुतेक बांध मधे फुटत नाहीत, तोंडाशी तुंबून निकामी होतात.

पायऱ्या कमीत कमी ठेवा. जिथे टाळताच येत नाहीत तिथे उंची १५ ते १८ सेंमीच्या आत आणि पाय ठेवायची जागा ३० सेंमीहून जास्त. उंच पायरी म्हाताऱ्या माणसाला आणि लहान मुलाला सारखीच नकोशी होते. मग दोघंही बाजूच्या मातीवरून चढतात, आणि सहा महिन्यांत पायऱ्यांशेजारी नवी घळ तयार. म्हणून पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना ओबडधोबड मोठे दगड बसवा, चालायला गैरसोयीचे असे. पायऱ्या नेहमी खालून वर बांधत जायच्या, आणि वरच्या दगडाचा पुढचा भाग खालच्या दगडाच्या मागच्या भागावर टेकायला हवा. दगडाचा बराचसा भाग जमिनीत गाडला गेला पाहिजे. मागची पोकळी मातीने भरू नका, ठेचलेल्या बारीक दगडाने ठासून भरा, माती ओली झाली की दगड सैल होतो. प्रत्येक दगडाच्या चारही कोपऱ्यांवर उभं राहून अंग हलवून बघायचं. जराही डुगडुगला तर काढून पुन्हा बसवायचा. आज जराशी हललेली पायरी पावसाळ्यानंतर कुणाचा तरी पाय मुरगळवते.

झाडोरा काढताना हात आखडता ठेवा. डोक्यावर अडीच मीटर आणि खांद्याच्या उंचीला मीटर-सव्वा मीटर मोकळं असलं की पुरे. पावसाने फांद्या जड होऊन खाली येतात, म्हणून उंची कमी ठेवू नका. रोपटी कापताना घोट्याएवढे टोकदार खुंट मागे सोडायचे नाहीत, पडणाऱ्या माणसाला ते भाल्यासारखे लागतात. जमिनीलगत कापा नाहीतर मुळासकट काढा. मोठी फांदी खोडापाशी जिथे फुगीर कडं असतं, त्याच्या किंचित बाहेर कापायची, म्हणजे झाड जखम भरून काढतं. पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत हे काम करूच नका. आणि बाक कुठे ठेवायचा ते ठरवण्याआधी मान वर करून वाळलेली फांदी लटकत नाही ना ते पाहा. लोक बाकावरच जास्त वेळ बसतात.

आता ज्या भागाची मला जास्त काळजी वाटते तो. वाट उत्तम बांधली आणि फाटकाशी भांडण झालं, तर वाट पुन्हा बंद होते. हवाईतल्या ओआहू बेटावरचा हाइकू जिना बघ. ३,९२२ पायऱ्यांचा, दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या रेडिओ केंद्रासाठी बांधलेला. १९८७ मध्ये लोकांसाठी बंद झाला. २००३ च्या सुमारास त्याची दुरुस्तीही झाली, तरी तो उघडला नाही, कारण पायथ्याशी पोहोचायला लोकवस्तीतून कायदेशीर वाटच नव्हती आणि अपघाताची जबाबदारी कुणी घ्यायची हे सुटलेलं नव्हतं. माणसं मात्र रात्री-अपरात्री लोकांच्या आवारांतून जात राहिली, रहिवासी वैतागले, आणि २०२१ मध्ये होनोलुलूच्या नगर परिषदेने तो काढून टाकावा असा ठराव केला. पायऱ्या शाबूत होत्या. पायथ्यापर्यंतचा प्रश्न सुटला नाही.

तेव्हा तुमच्या हातातला कागद शांतपणे वाच. परवानगी दोन तऱ्हेची असते. एक नुसती मुभा, देणाऱ्याने उद्या मागे घेतली की संपली. दुसरा वहिवाटीचा नोंदलेला हक्क. तो जमिनीला चिकटतो, जमीन विकली तरी टिकतो. तुमच्या कागदात कुठली आहे ते वकिलाकडून समजून घ्या. शिवाय या गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात: फक्त चालायला की सायकल आणि कुत्रीही चालतील, कोणत्या वेळेत, देखभाल कुणाची, कुणी पडलं तर विमा कुणाचा, तात्पुरती बंद करायचा अधिकार कुणाला आणि किती दिवसांपुरता. शेवटचा मुद्दा बहुतेक कागदांत सुटतो. ‘पुढील सूचना मिळेपर्यंत बंद’ या चार शब्दांनी कितीतरी चांगल्या वाटा वर्षानुवर्षं अडून राहतात.

‘फक्त रहिवाशांसाठी’ अशी अट असेल तर रहिवासी म्हणजे कोण तेही लिहून घ्या. घरमालक तर झालेच, पण भाडेकरू? घरी आलेले पाहुणे? वस्तीत रोज कामाला येणारी माणसं? हे आधी ठरलं नाही तर फाटकावर रोज कुणाचा ना कुणाचा अपमान होत राहील. आकड्यांच्या कुलपावर फार विसंबू नका, तो आकडा महिन्याभरात सगळ्यांना पाठ होतो. कार्ड किंवा किल्ली दिलीत तर ती घरामागे नको, माणसामागे द्या, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कुणाकडे मागावी लागणार नाही. माझं स्वतःचं मत विचारशील तर उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत फाटक सगळ्यांना मोकळं आणि वाहनं लावायची जागा मर्यादित, ही व्यवस्था जास्त टिकते. चालत येणाऱ्या माणसाचा शेजाऱ्यांना क्वचितच त्रास होतो. त्रास होतो तो दारासमोर उभ्या केलेल्या गाडीचा.

आणि आवाजाचा. फाटकाजवळच्या घरातली माणसं कशाने वैतागतात, तर पहाटे साडेपाचला लोखंडी फाटक खांबावर आपटतं त्या खणखणाटाने. मागून येणाऱ्या प्रत्येकासाठी एकदा, असा तासभर. खांबाला जिथे फाटक टेकतं तिथे हाताच्या पंजाएवढा जाड रबराचा तुकडा दोन बोल्टांनी बसवा, कडीला जागच्या जागी घट्ट बसणारी खाच करा, बिजागऱ्यांना महिन्यातून एकदा वंगण घाला. अर्ध्या तासाचं काम आहे. उद्घाटनाआधी त्या पहिल्या दोन-तीन घरांत जाऊन बसा, त्यांच्याच खिडकीतून फाटक कसं दिसतं आणि ऐकू येतं ते बघा. जमल्यास बाक आणि फलक तिथून वीस-पंचवीस मीटर आत न्या, म्हणजे गप्पा तिकडे रंगतील.

फाटकाची मोकळी रुंदी निदान ९० सेंमी ठेवा, चाकाची खुर्ची आणि बाबागाडी जायला हवी. सगळी टेकडी सर्वांना चढता येणार नाही, पण पहिला दोन-तीनशे मीटरचा तुकडा ५ टक्क्यांच्या आत, घट्ट पाठीचा करता येईल. त्यासाठी खडी आणि तिचीच बारीक भुकटी मिसळून पाच-पाच सेंमीचे थर पाणी मारून धुमसत जायचे. नुसती गोटी खडी टाकू नका, चाक रुततं. मध्ये मध्ये दीड मीटर रुंद जागा ठेवा, समोरून आलेल्याला थांबायला.

फलकावर सुविचार नकोत. नकाशा, वाटेची लांबी, एकूण चढ किती मीटर, वेळ, आणि अडचणीत फोन कुणाला करायचा. वेळ काढायला १८९२ सालचा नेस्मिथचा नियम आजही वापरतात: ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. माथ्यापर्यंतचं अंतर ३ किलोमीटर आणि चढ १५० मीटर धरला, तर ३६ मिनिटं अधिक १५ मिनिटं, म्हणजे एकावन्न. हा धडधाकट माणसाचा वेळ झाला. लहान मुलं बरोबर असतील तर दीडपट धरा आणि फलकावर तोच लिहा. वाटेवर दर २०० मीटरला क्रमांक घातलेला खांब रोवा. पाय मोडलेल्या माणसाला ‘मी सात नंबरच्या खांबापाशी आहे’ एवढंच सांगता आलं पाहिजे. कोणत्या खांबापाशी कुठून लवकर पोहोचता येतं याची यादी रुग्णवाहिकेला आणि अग्निशमन दलाला आधीच देऊन ठेवा.

उघडल्यावर वाट कधी बंद ठेवायची, हेही आधीच ठरवा, आणि तारखेवरून नको, चिखलावरून ठरवा. बुटाचा ठसा दोन सेंमीहून खोल उमटत असेल तर त्या दिवशी फाटक बंद. चिखल टाळायला प्रत्येक जण कडेकडेने जातो आणि मीटरभराची वाट बघता बघता तीन-चार मीटर होते. कडेचं गवत गेलं की पुढच्या वेळी चिखलही तेवढा मोठा. लोकांना सांगा, छोटं डबकं असेल तर मधूनच जा, बूट धुता येतात. पाटीवर बंद का आणि कधीपर्यंत, दोन्ही लिहा. कारण कळलं की माणसं ऐकतात. न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्षांच्या मुळांना मातीतून पसरणारा रोग लागला, म्हणून २०१८ मध्ये ऑकलंडजवळच्या वायटाकेरे डोंगरांतलं जंगल बंद केलं. नंतर एकेक वाट उघडली ती खडी अंथरून, जमिनीपासून उचललेले लाकडी फळ्यांचे मार्ग बांधून, मुळांवर पाय पडणार नाही आणि चिखल लागणार नाही अशी करून, आणि तोंडाशी बूट घासायचे ब्रश व जंतुनाशक ठेवून. तुमच्याकडे तसा रोग नसेल, पण तणांचं बी बुटाला चिकटूनच येतं. फाटकाशी एक जाड ब्रश ठेवायला काय हरकत आहे?

देखभालीला समिती नको, माणसं नेमा. वाटेचे तीनशे-तीनशे मीटरचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकडा दोघांकडे सोपवा, कायम त्याच दोघांकडे. मोठा पाऊस झाला की चोवीस तासांच्या आत एक फावडं घेऊन आपल्या तुकड्यावरून जायचं आणि पाण्याची तोंडं मोकळी करायची. वीस मिनिटांचं काम. तेच महिनाभर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी होते. एक वही फाटकाजवळच्या घरी ठेवा आणि तारीख, खांब नंबर, काय केलं, एवढं लिहीत जा. पुढच्या वर्षी परवानगीचं नूतनीकरण करायला बसाल तेव्हा ती वही सर्वांत उपयोगी पडेल.

दुसऱ्या वळणापासून माथ्यापर्यंतचे चढ काठ्या-दोरीने मोजून मला पाठव, दर १० मीटरला एक आकडा. नवं वळण कुठून काढता येईल ते मी कागदावर आखून परत धाडतो. आणि पावसात फिरून आलास की ती भिजलेली पानंही पाठव, अक्षर लागलं नाही तर फोन करीन.

घरी सर्वांना नमस्कार.

तुझाच,
मित्र